पाण्यावर फिरणारं वर्ष : आपल्या मातीच्या ऋतूंप्रमाणे विचक्राफ्ट – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विचक्राफ्टची पुस्तकं वाचून सुरुवात करणाऱ्या मराठी माणसाची पहिली अडचण जवळजवळ ठरलेली असते. पुस्तक सांगतं, १ ऑगस्टला पहिल्या कापणीचा सण करा. खिडकीबाहेर पाहावं तर भाताची रोपं नुकती कुठे चिखलात मूळ धरताहेत. खालचे बहुतेक प्रश्न याच अडचणीतून आलेले आहेत. उत्तरं देणारी मी वाईकडची, त्यामुळे उदाहरणं सह्याद्रीच्या या बाजूची जास्त येतील.

विचक्राफ्ट म्हणजे करणी, चेटूक, जादूटोणा तेच ना?

नाही. इथे बोलतोय ते विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आलेल्या विक्का या पंथाबद्दल आणि त्याच्या आजूबाजूला वाढलेल्या मोकळ्या-ढाकळ्या साधनेबद्दल. इंग्लंडमधला १७३५चा विचक्राफ्टविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला. त्यानंतर १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर या मलायात नोकरी केलेल्या निवृत्त कस्टम अधिकाऱ्याने या पंथाबद्दल उघडपणे लिहिलं आणि तिथून तो पसरला. भारतात कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८०च्या दशकात स्वतःला जाहीरपणे विक्कन म्हणवून घेतलं. निसर्गाचं चक्र, चंद्राच्या कला, स्वतःच्या मनाशी बांधलेले छोटे विधी असा हा मामला आहे. दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून केलेली करणी आणि ती उतरवतो म्हणून पैसे उकळणारा बाबा, या दोघांशीही आपला संबंध नाही. कायद्याचं खाली सविस्तर सांगितलं आहे. तो भाग गाळू नका.

ते आठ सण आले कुठून?

सॅमहेन (खरा उच्चार ‘साविन’च्या जवळचा) ३१ ऑक्टोबरला, इम्बोल्क १ फेब्रुवारीला, बेल्टेन १ मेला, लुनासा १ ऑगस्टला. हे चार आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या गुराखी-शेतकऱ्यांचे जुने सण. बेल्टेनला गुरं दोन शेकोट्यांमधून हाकत उन्हाळी कुरणांकडे न्यायची, इम्बोल्कच्या सुमारास मेंढ्यांना दूध सुटायचं, लुनासाला धान्य कापायला यायचं. उरलेले चार सूर्याचे : दोन अयनदिन (वर्षातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान दिवस) आणि दोन संपातदिन (दिवस-रात्र सारखे असतात ते). आठही सण एका चाकात बसवून पाळायची पद्धत मात्र १९५०च्या दशकातली, गार्डनरच्या वर्तुळातली. लिथा (उन्हाळी अयनदिन), मेबन (शरदातला संपात) ही नावं तर १९७०च्या दशकात एडन केली या अमेरिकन माणसाने रुळवली.

हे सांगायचं कारण असं की बरेच नवे लोक या आठ तारखांना वेदवाक्यासारखे भितात. तारखा बदलल्या तर ‘परंपरा मोडेल’ म्हणतात. परंपरा आपल्या आजीपेक्षा लहान आहे. आणि ती ज्यांनी घडवली त्यांनी आपल्या अंगणात काय चाललंय हे बघूनच घडवली.

आहेत तशा तारखा पाळल्या तर बिघडलं कुठे?

बिघडत काही नाही, फक्त विधी हवेत तरंगतो. २१ जूनचंच बघा. पुस्तकात हा सूर्याच्या परमोच्च शक्तीचा दिवस. लंडनमध्ये त्या दिवशी साडेसोळा तासांहून जास्त उजेड असतो आणि डिसेंबरात जेमतेम आठ तास, म्हणजे निम्म्याहून कमी. तिथल्या माणसाला सूर्य परत येतोय याचा जीवघेणा आनंद व्हावा हे अगदी पटतं. मुंबईत सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा, सगळ्यात लहान अकरा तासांचा. मधल्या सव्वादोन तासांसाठी कोण एवढ्या शेकोट्या पेटवणार?

शिवाय २१ जूनला आपल्याकडे सूर्य बहुतेक वेळा दिसतच नाही, ढगाआड असतो. आणि दिसलाच तर गंमत अशी की तो डोक्यावरून पुढे, उत्तरेला सरकलेला असतो. महाराष्ट्र आणि गोवा अख्खे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे सूर्य आपल्या डोक्यावर वर्षातून दोनदा येतो. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, मुंबईत १५ मेच्या आसपास, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. परतीची खेप जुलै-ऑगस्टमध्ये, ती ढगात जाते. २१ जूनला मुंबईत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. हे लंडनमध्ये कधीही घडू शकत नाही. म्हणजे सूर्याचाच सण करायचा तर आपला स्वतःचा, लखलखीत, सावली गिळणारा दिवस मे महिन्यात आहे, आणि तो सोडून आपण ढगाळ जूनमध्ये मेणबत्त्या लावतो.

वसंत आणि शरदाचंही तेच. आपल्याकडे पानगळ आणि पालवी हातात हात घालून येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण पळस आणि पांगारा फुलांनी पेटलेले, त्याच सुमारास पिंपळाची जुनी पानं झडून तांबूस कोवळी पानं फुटतात. ऑक्टोबरात ‘झाडं विरक्त होतात’ असं ध्यान करायला बसाल आणि समोर कंबरभर हिरवं गवत असेल.

मग आपलं वर्ष कशावर फिरतं?

पाण्यावर. माझं सगळं म्हणणं या एका शब्दात येतं. उत्तरेकडच्या थंड देशांत उजेड जातो आणि येतो, म्हणून त्यांचे सण आगीचे. आपल्याकडे उजेड बारमाही, जातं आणि येतं ते पाणी. भीती कशाची वाटते, वाट कशाची बघतो, देणं कुणाचं मानतो, सगळ्याचं उत्तर एकच.

आणि या पाण्याचं कॅलेंडर आपल्याकडे तयार आहे, तेही सूर्यावर बांधलेलं. पावसाची नक्षत्रं. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. रोहिणी २५ मेच्या सुमारास, मृग ७-८ जून, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, २७ सप्टेंबरच्या आसपास हस्त, नंतर चित्रा आणि स्वाती. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघा-पूर्वाचे सासू-सुनांचे पाऊस. प्रत्येक नक्षत्राला पंचांगात वाहन असतं : बेडूक, म्हैस, हत्ती आलं की म्हातारी माणसं खूश, कोल्हा-गाढव आलं की नाक मुरडणार. ‘न पडतील उत्तरा तर अन्न मिळेना पितरा’, ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’. मघावरची म्हण इथे लिहिता येणार नाही, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, हसत सांगतील.

ज्याला पाश्चात्त्य पुस्तकांत ‘चाक’ म्हणतात ते इतकं बारीक, इतकं स्थानिक आणि इतकं खट्याळ स्वरूपात आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहे. नवीन काही शोधायची गरजच नाही, आधी हे पाठ करा. हवामान या नक्षत्रांबरहुकूम चालतं असा माझा दावा नाही. वाहनावरून पावसाचा अंदाज बांधून पेरणी करू नका. पण लक्ष ठेवायला शिकवणारी चौकट म्हणून याच्या तोडीचं दुसरं मला माहीत नाही.

पाऊस तर तारखेवर येत नाही. विधीची तारीख कशी धरायची?

तारीख धरूच नका, घटना धरा. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस सरासरी ११ जूनला पोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परत फिरतो. २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन थडकला. सरासरीला धरून बसलेले त्या वर्षी छत्री शोधत राहिले.

घटना म्हणजे काय? पहिला वळीव आणि त्याचा मातीचा वास. पावशाचं ‘पेरते व्हा’. भंडारदरा, राजमाची पट्ट्यात पावसाच्या तोंडावर झाडंच्या झाडं लुकलुकवणारे काजवे. पहिल्या पावसानंतर रानात फिरणारा लाल मखमली मृगाचा किडा. विहिरीच्या पाण्याने एखादी पायरी गाठणं. पहिली टाकळ्याची भाजी बाजारात दिसणं. यातली जी गोष्ट तुमच्या टापूत खरोखर घडते ती तुमची सणाची तुतारी. ती वाजली की त्या संध्याकाळी किंवा पुढच्या सुट्टीला विधी.

सॅमहेन म्हणजे सर्वपित्री, यूल म्हणजे संक्रांत, ओस्तारा (वसंत संपाताचा सण) म्हणजे पाडवा... असं जोडून टाकलं तर सोपं नाही का?

सोपं आहे, म्हणूनच सगळे करतात, आणि मला ते पटत नाही. दोन याद्या शेजारी ठेवून रेघा मारल्या की दोन्ही बाजूंचं बघायचं राहून जातं.

संक्रांतीचंच घ्या. यूल हा हिवाळ्यातल्या अयनदिनाचा सण, २१-२२ डिसेंबरचा. संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. एके काळी सूर्याचा मकरप्रवेश आणि उत्तरायणाची सुरुवात एकाच सुमारास होत असे. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो म्हणून आपल्या निरयन, म्हणजे ताऱ्यांवर बांधलेल्या पंचांगात ते सुमारे बहात्तर वर्षांना एक दिवस या गतीने दूर गेले. तेव्हा ‘संक्रांत हीच खरी यूल’ म्हणणाऱ्याला सांगा, सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला.

सर्वपित्रीची गोष्ट वेगळी. भाद्रपद अमावास्येला, पाऊस ओसरताना, पितरांना जेवू घालतो. सॅमहेनशी भाव जुळतो यात शंका नाही. पण तो दिवस घरात आधीच जिवंत असेल तर त्याला परकं लेबल लावून काय मिळवलं? आजीबरोबर पानं वाढा. कावळ्यासाठी थांबा. तेवढं पुरे.

उलट जिथे जोडायला जावं असं कुणाच्या मनात येत नाही तिथे खरा मेळ सापडतो. लातूर-धाराशिवकडची वेळ अमावास्या, तिकडच्या भाषेत येळवस, मार्गशीर्ष अमावास्येला येते. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, अयनदिनाच्या जवळपास. कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, आंबील आणि भज्जीचं जेवण, सगळं गाव शेतात. पण तो सण उजेडाचा नाही, उभ्या रब्बीचा आहे, ज्वारीच्या ताटांत बसून केलेला.

आणि भोंडला! पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती बायका-मुली फेर धरतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात. हत्ती हा हस्त नक्षत्राचा. नवरात्रात उरकायची पद्धत आता पडली, पण पूर्वी हादगा सूर्य हस्तात गेला की बसायचा आणि सोळा दिवस चालायचा. पावसाला निरोप देणारा, बायकांनी बायकांसाठी केलेला, वर्तुळातला विधी. ज्यांना ‘कोव्हन (एकत्र विधी करणारं छोटं मंडळ) कुठे मिळेल’ असा प्रश्न पडतो त्यांनी आधी गल्लीतल्या भोंडल्याला जाऊन बघावं.

परकी प्रथा इथल्या ऋतूत खरंच मुरू शकते का, की सगळी ओढाताणच?

मुरते, आणि त्याचं उत्तम उदाहरण गोव्यात दर २४ जूनला दिसतं : सांव जांव. संत जॉन बाप्तिस्ता यांचा हा दिवस युरोपात उन्हाळी अयनदिनाला चिकटून येतो, आणि तिथे त्याचं रूप आगीचं आहे. पोर्तुगालात आदल्या रात्री शेकोट्या पेटतात, लोक त्यांवरून उड्या मारतात. पोर्तुगीजांबरोबर हा सण गोव्यात आला तेव्हा कॅलेंडरची तारीख तीच राहिली, पण बाहेर धो धो पाऊस आणि विहिरी काठोकाठ. मग काय झालं? उडी राहिली, आग गेली. डोक्यावर फुलापानांचा कोपेल घालून पोरं विहिरीत उड्या घेतात. नव्या जावयाचं कौतुक होतं, शिवोलीला सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. धर्मकथेतही त्याला जागा आहे, आईच्या पोटात असताना जॉनने आनंदाने उडी मारली होती ना!

कुणी समिती बसवून हे ठरवलं नाही. पावसात शेकोटी पेटत नाही आणि विहीर भरलेली आहे, एवढं साधं कारण पिढ्यान्‌पिढ्या काम करत राहिलं. तुमच्या साधनेत जी गोष्ट तुमच्या हवेत तग धरत नाही ती सोडा, उडीसारखा गाभा धरून ठेवा. अयनदिनाला मेणबत्त्यांऐवजी भरलेली घागर ठेवावी असं मला वाटतं, आणि ते सांव जांवकडे बघूनच.

मी ऑस्ट्रेलियात पर्थला राहते. चाक सहा महिने उलटं फिरवलं की काम झालं?

दक्षिण गोलार्धातले बहुतेक विक्कन तसंच करतात : यूल जूनमध्ये, लिथा डिसेंबरात, सॅमहेन एप्रिलच्या अखेरीला. निदान सूर्य तरी जुळतो. पण ऋतू फक्त सूर्याचे नसतात. तुमच्या भागातल्या नूंगार या मूळ रहिवाशांचं वर्ष सहा ऋतूंचं आहे : बिराक, बुनुरु, जेरान, मकुरु, जिल्बा, कंबारांग. मकुरु म्हणजे जून-जुलै, थंड आणि सर्वांत पावसाळी. म्हणजे इकडे मृग-आर्द्रा बरसत असतात तेव्हा तिकडेही पाऊसच, फक्त गारठ्यातला. आईला फोन करून ‘आमच्याकडेही लागलाय’ म्हणता येईल असं ते ठिकाण आहे, ते चार ऋतूंच्या साच्यात का कोंबायचं? नूंगार लोकांचे विधी मात्र उचलू नका. ऋतूंची नावं आणि खुणा शिकणं वेगळं, त्यांची पूजा आपली म्हणून करणं वेगळं.

मॉरिशसच्या मराठी घरांत हे आपोआप घडलेलंच आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्यांची ती मंडळी. गणपती तिकडेही बसतो, पण तिकडे तेव्हा हिवाळा सरत असतो आणि उसाची तोड चालू असते.

माझ्या जागेचं वर्ष मी आखायचं कसं?

एक जागा ठरवा. गच्ची, ओढा, ऑफिसच्या वाटेवरचं एक झाड, काहीही. रोज जमलं नाही तर आठवड्यातून एकदा तिथे जा आणि एका वहीत दोन ओळी लिहा : काय फुललं, काय झडलं, वारा कुठून, कोणता पक्षी, बाजारात काय नवं. पहिलं वर्ष फक्त हेच. विधी नाही, मेणबत्ती नाही. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं आणि इथेच निम्मे गळतात. गळू द्या.

वर्षअखेरीला वही उघडलीत की वळणं आपोआप दिसतात. ती आठच असावीत असा नियम नाही. माझ्याकडची सांगते, नक्कल करू नका. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि घाट उतरून वाईत आलं की त्याच्या पाव हिस्साही नाही, तेव्हा माझं वर्ष पाचगणीच्या माणसालाही लागू पडणार नाही.

मे महिन्यातला बिनसावलीचा दिवस हे पहिलं. अंगणात तांब्या उभा ठेवायचा, सावली नाहीशी होते ती दोन-चार मिनिटं काहीही न बोलता उभं राहायचं, मग पाणी झाडाला. मृगाला खरंच बी पेरते, कारळी नाहीतर घेवडा. ‘इच्छा पेरा’ वगैरे लिहिलेलं असतं, पण बी जमिनीत गेलं की इच्छेचं वेगळं करायला लागत नाही. आषाढात आत वळायचं. दिव्यांच्या अवसेला घरातले सगळे दिवे चिंचेने घासून लखलखीत करायचे, हाच माझा काळोखाचा सण. डिसेंबरातला काळोख आमच्याकडे कुणाला घाबरवत नाही, आषाढातला भर दुपारचा अंधार घाबरवतो. हस्ताला निरोप. त्यानंतर पहिल्या धुक्याची सकाळ. मग हुरडा, आगटीभोवती, आणि ही एकमेव आग मला पुरते. फेब्रुवारीत पळस फुलला की त्याच्याखाली जाऊन बसणं. मार्च-एप्रिल रिकामे ठेवते. उन्हाळ्याला काही मागायचं नसतं, सोसायचं असतं.

कोकणात हे सगळं बदलेल. किनाऱ्यावर वर्षाचा बिजागर म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आणि नारळी पौर्णिमा. विदर्भात गोंदिया-भंडाऱ्याकडे भात, यवतमाळला कापूस, आणि मेचा उन्हाळा असा की दुपारी बाहेर विधी करणं वेडेपणाचं. तिथे सूर्योदयापूर्वीच काय ते.

मुंबईत पंधराव्या मजल्यावर कसला आलाय ऋतू?

भरपूर. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, मेच्या सुमारास निघून जातात. नोव्हेंबरात गिरगाव चौपाटीवर कुरव दिसायला लागतात. एप्रिल-मेमध्ये रस्त्याकडेचा बहावा पिवळा होतो. पावसाळ्यात चतुरांचे थवे गच्चीवर घिरट्या घालतात. आणि भरती-ओहोटी! शहरात राहून चंद्राशी नातं जोडायचं तर याहून सरळ रस्ता नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण येतं, महापालिका पावसाळ्यात त्याच्या वेळा जाहीर करते. टॅरोचे पत्ते विकत घेण्याआधी भरतीचं वेळापत्रक भिंतीला लावा.

भाजीवाल्या मावशीही चालत्या-बोलत्या पंचांगच. टाकळा, फोडशी, कर्टुली, शेवळं कधी येतात ते त्यांना विचारा. शेवळं अळूपेक्षाही घसा खाजवतात, रांधायची रीत शिकल्याशिवाय घेऊ नका.

पावसाळ्यात चंद्र दिसतच नाही. पौर्णिमेचे विधी?

तो दिसत नाही हीच त्या ऋतूतली गोष्ट. आषाढ-श्रावणाच्या पौर्णिमा अंदाजाने, कानाने पाळा. कोजागरीला ढग हटल्यावर तोच चंद्र जे काही करतो ते आधीच्या दोन-तीन बुडालेल्या पौर्णिमांमुळे. आपले महिने अमावास्येला संपतात, बारा चांद्रमासांचं वर्ष सौरवर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान असतं, आणि ती तूट भरायला अधिकमास येतो, २०२३ साली श्रावणात आला तसा. तेव्हा तिथीचे विधी ऋतूवर मागेपुढे घसरणार हे गृहीत धरा. ऋतूला घटना, चंद्राला तिथी, असे दोन वेगळे हिशेब ठेवा.

पावसाचं पाणी विधीसाठी साठवत असाल तर झाकून. उघड्या भांड्यात आठवडा-दीड आठवड्यात डेंग्यूचे डास तयार होतात आणि तुमच्या अल्टरवर, म्हणजे पूजेच्या मांडणीवर, सोसायटीवाले धाड घालतील. शहरात पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी छतावरची घाण घेऊन येतं, ते सोडून द्या.

सेज, रोझमेरी, ओकची फांदी कुठे मिळेल?

नका शोधू. धूप, ऊद, कडुनिंबाचा पाला, गोवरीची राख, तुळस, दर्भ, आघाडा. अंगणाबाहेर जावं लागत नाही. धोतरा आणि कण्हेर मात्र पोटात जाता कामा नये. दोन्ही विषारी आहेत, धोतऱ्याने माणूस मरतो. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळा दुखावतो.

आता जरा कडक बोलते. घुबडाची पिसं-नखं, मांडूळ, अस्वलाचे केस, यांतलं काही कुणी विकायला आणलं तर तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. ‘हत्ताजोडी’ नावाची जी दुर्मीळ मुळी म्हणून विकतात ते घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय असतं. निसर्गपूजा म्हणत निसर्गाचे तुकडे विकत घेणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही, फक्त आमच्यात येऊ नका.

आणि फेब्रुवारी ते मे डोंगरावर कसलीही ज्योत नेऊ नका. वाळल्या गवताला एक ठिणगी पुरते आणि वणव्यात जमिनीवर घरटं करणारे पक्षी अंड्यांसकट जळतात.

हे कायद्यात बसतं का?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला. त्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम आणि डिसेंबरात कायदा आला, ज्याला आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. हा कायदा श्रद्धा किंवा घरातली उपासना गुन्हा ठरवत नाही. तो पकडतो ती अघोरी कृत्यं आणि फसवणूक : चमत्काराचा दावा करून लुबाडणं, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र मारत बसणं, एखाद्या व्यक्तीवर जादूटोण्याचा ठपका ठेवून तिचं जगणं मुश्कील करणं. जादूने रोग बरा करण्याची जाहिरात तर १९५४च्या केंद्रीय कायद्यानेही बंद आहे.

तेव्हा स्वतःच्या घरी ऋतूचा दिवा लावणं यात काही अडत नाही. पण पैसे घेऊन ‘स्पेल’ (मंत्र-तोडगे) विकणं, कुणाला ‘तुझ्यावर केलंय’ सांगणं, आजाऱ्याला औषध सोडायला लावणं, इथे तुम्ही थेट त्या कायद्याच्या दारात. आणि तो कायदा असावा असं मला मनापासून वाटतं. नंदुरबारच्या सातपुड्यात आजही बायकांवर डाकीण असल्याचा आरोप होतो, त्यांना मारहाण होते, गाव सोडावं लागतं. शहरातल्या मुलीने इन्स्टाग्रामवर हौसेने स्वतःला विच म्हणवून घेणं आणि त्या बाईवर लादलेला ठपका यांत जे अंतर आहे ते विसरून ही साधना करता येत नाही.

भगताकडून शिकता येईल? नजर काढणं हेही विचक्राफ्टच ना?

मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकणं तुमच्या आजीचं आहे, तर तुमचंही. भगताचं ज्ञान त्याच्या समाजाचं, त्यात औषधी वनस्पती, देव, कुळं सगळं गुंतलेलं. बोलावलं तर जा, ऐका, व्हिडिओ काढू नका. आणि त्याचे मंत्र घरी येऊन तुमच्या वहीत चिकटवू नका.

याने खरंच काही होतं का?

पाऊस पडत नाही, परीक्षा पास होत नाही, गेलेला माणूस परत येत नाही. लक्ष बसतं. मृग कधी लागलं, चिंचेला चिगूर कधी आला, घरातल्या विहिरीची कितवी पायरी कोरडी आहे हे कळायला लागतं, आणि त्याप्रमाणे वागणं बदलतं. याहून मोठा दावा कुणी केला तर त्याच्या फीचं पत्रक मागा.

घरचे देवभक्त आहेत. काय सांगू?

दिवे घासताय, बी पेरताय, भोंडल्याला जाताय. वेगळं सांगण्यासारखं त्यांना काही दिसणारच नाही.

आणि पाऊसच आला नाही तर?

हा प्रश्न पुस्तकांत नसतो, कारण सूर्य कधी चुकत नाही. पाणी चुकतं. १९७२च्या दुष्काळाबद्दल घराघरात अजून बोललं जातं. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. अशा वर्षी ‘ऋतूचा उत्सव’ कसला करणार?

जुन्या लोकांनी यालाही विधी ठेवलाय. कडुनिंबाच्या डहाळ्या गुंडाळलेल्या पोराला दारोदार नेऊन ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणायचं, घरोघरी त्याच्या डोक्यावर पाणी ओतायचं. कुठे कुठे बेडकांची लग्नं लावतात. याने ढग येत नाहीत. पण अख्खं गाव एका पोराच्या डोक्यावर आपलं उरलंसुरलं पाणी ओततं, तेव्हा टंचाई एकट्या घराची राहत नाही. टँकरवर जगणाऱ्या वस्तीत मात्र मी हे करायला सांगणार नाही. तिथे त्या वर्षी मृगाचा विधी म्हणजे बी न पेरता डब्यात राखून ठेवणं, वहीत ‘आला नाही’ असं तारखेसह लिहिणं, पाखरांसाठी परळात पाणी ठेवून ते रोज बदलणं, आणि गावात पाणलोटाचं श्रमदान चालू असेल तर विधीच्या वेळी फावडं घेऊन तिकडे जाणं. दुबार पेरणीचं संकट आलेल्या शेजाऱ्याला ते राखलेलं बी देऊन टाका.